सहा नंबरच्या डब्यातला फेस

१

औषधाच्या डब्यांवरची नावं कुणीतरी बदलली आहेत हे उषाबाई सिस्टरांच्या ध्यानात आलं, तेव्हा भुजंगराव कोऱ्या चहावरून रामकिसनशी भांडत होते.

"अख्खी नोकरी पोलिसात गेली माझी," ते म्हणत होते, "पण असला चहा आरोपीलासुद्धा पाजला न्हाई. दुधाला काय झालं?"

"दूधवाला रुसलाय सायेब," वॉर्डबॉय रामकिसन म्हणाला. "परवा नंदाच्या आईनं, तुळजाबाईनं, त्याचं दूध बाटलीत घालून खळाखळा हलवलं, उन्हाला धरून बघितलं अन् सगळ्यांदेखत बाटलीसकट वापस केलं. तवापासून फिरकला न्हाई."

भुजंगरावांनी कप खाली ठेवला. उजव्या हातानंच, कारण डावा हात पक्षाघाताच्या झटक्यापासून सरकारी नोकरासारखा झाला होता. हजेरीला असायचा, काम करायचा नाही. निवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं आणि बदनापूरच्या या फौजदाराला जालना रस्त्यावरच्या पुनर्वसन केंद्रात पोरासारखं पुन्हा चालायला शिकावं लागत होतं. ज्यांच्या पायांतलं, हातांतलं बळ नसांच्या आजारानं गेलं, अशी माणसं इथं येत. दोन समांतर दांड्यांच्या मधून रोज सकाळी भुजंगराव चालत आणि रोज सकाळी कुणावर तरी चिडत.

तेवढ्यात औषधांच्या खोलीतून उषाबाई बाहेर आल्या. बाई एरवी तोफ उडाली तरी हलायच्या नाहीत, पण आता त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"डॉक्टरांना बोलवा," त्या रामकिसनला म्हणाल्या. "आणि तू कुठं जाऊ नकोस."

२

डॉक्टर धर्मराज साळवे तरुण होते, हुशार होते आणि त्या क्षणी भेदरलेलेही होते. त्यांनी भुजंगरावांची चाकाची खुर्ची स्वतः ढकलत औषधांच्या खोलीत आणली आणि दार लावून घेतलं.

"साहेब, पोलीस बोलावले तर हे डबे जप्त होतील. म्हणून तुम्हाला सांगतोय."

"हे बरीक खरं," भुजंगराव म्हणाले. "मुद्देमाल एकदा सील झाला की कोर्टाशिवाय सुटत न्हाई. बोला."

डॉक्टरांनी थोडक्यात सांगितलं. केंद्रात नंदा आणि वसंता ही दोन पोरं होती. दोघांना आजार एकच. अंगातली रोगाशी लढणारी फौज वाट चुकते आणि आपल्याच नसांवर चालून जाते. पायांपासून लुळेपणा चढत जातो. त्यावर हजारो लोकांच्या रक्तातून काढलेल्या प्रतिद्रव्यांचं सलाइन देतात, म्हणजे चुकलेल्या फौजेला आवर घालायला बाहेरून शहाणी फौज आणायची. पहिला डोस दोघांनाही औरंगाबादला मिळाला होता. पण सुधारणा रेंगाळली, तर दुसरा डोस द्यावा का? याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं आणि डॉक्टर तेच शोधत होते. म्हणून निम्म्या रुग्णांना खरं औषध आणि निम्म्यांना मिठाचं पाणी. कुणाला काय, हे मुंबईला चिठ्ठ्या टाकून ठरलेलं. इथं फक्त नंबर यायचे. डॉक्टरांनाही ठाऊक नसायचं.

"सहा नंबरचा डबा नंदाचा, सात नंबरचा वसंताचा. सिस्टरांनी काल चिकटपट्टीवर नावं लिहून लावली. आज सहावर वसंताचं नाव आहे, सातवर नंदाचं."

"मंग पट्ट्या परत बदला. एवढं काय त्यात?"

डॉक्टरांनी सहा नंबरचा डबा उघडला. आत काचेच्या बाटल्या ओळीनं उभ्या होत्या. पहिल्या बाटलीत वर फेसाचं दाट कडं तरंगत होतं. मग सात नंबरचा डबा उघडला. त्यातलीही पहिली बाटली थोडी तिरपी ठेवलेली होती, पण तिच्यात फेस नव्हता.

"दोन्ही बाटल्या कुणीतरी जोरात हलवल्यात. प्रतिद्रव्यं म्हणजे प्रथिनंच, त्यामुळं त्यांना फेस येतो. मिठाच्या पाण्याला येत नाही. रंग जुळावा म्हणून कंपनीनं पाण्यात पिवळं जीवनसत्त्व घातलं, पण फेसाचा विचार कुणाच्याच डोक्यात आला नाही. माझ्याही नाही. आज कळलं."

"म्हंजे सहा नंबर खरं औषध. नंदाचं. ते कुणीतरी वसंताच्या नावावर केलं."

"तसं दिसतंय. पण नुसत्या पट्ट्या बदलल्या, की बाटल्याही इकडच्या तिकडे केल्या? झाकणातून सुई घालून काही टोचलं तर नाही ना? हे ज्यानं केलं त्यालाच माहीत. तो बोलल्याशिवाय यातला एक थेंबही मी कुणाच्या नसेत सोडू शकत नाही. नवा डबा मुंबईहून यायचा म्हणजे आठवडा गेला."

"आठवडा थांबा की."

डॉक्टरांनी डबा मिटला. मग म्हणाले, "नंदाचा श्वास कालपासून कमी पडतोय, साहेब. कुणी घसरलं तर अभ्यास बाजूला ठेवून खरं औषध द्यायचं, हा आमचा नियमच आहे. पण खरं औषध आहे म्हणून मी आता कुठल्या बाटलीवर विश्वास ठेवू? तिच्याकडे आठवडा नाही."

भुजंगरावांनी सहा नंबरवरची पट्टी बोटानं चाचपली. तिचं एक टोक आतल्या बाजूला दुमडलेलं होतं.

"सिस्टर, तुम्ही पट्टी अशी दुमडून लावता?"

"छे!" उषाबाई म्हणाल्या. "कात्रीनं कापायची आणि दाबून टाकायची."

३

रामकिसनला घाम फुटला होता, आणि तो काही एकट्या एप्रिलच्या उन्हाचा नव्हता.

"सायेब, माझ्या पोटावर पाय देऊ नका," त्यानं सुरुवातच तिथून केली.

"माझा एक पाय उचलत न्हाई, दुसऱ्यावर मी उभा हाय. तुझ्या पोटावर द्यायला पाय आणू कुठून? खरं सांग."

खरं असं होतं. सकाळी लाइट गेली. फ्रिज तापायला लागला, म्हणून रामकिसननं दोन्ही डबे थर्माकोलच्या पेटीत बर्फात ठेवले. पण बर्फ पुरेना. मग पेटी व्हरांड्यात सावलीला ठेवून तो बर्फाच्या कारखान्याकडं सायकलनं निघाला.

"अन् पेटी वाऱ्यावर सोडली?"

"न्हाई न्हाई! तुळजाबाई तिथंच भाजी निवडून राह्यली होती. तिला म्हणलं, मावशी, जरा ध्यान ठेव. फाटकातच सर्जेराव पाटलाची जीप भेटली. ते म्हणले, तू सायकलवर बर्फ आणशील तवर पाणी व्हईल, मीच आणतो. म्याबी मागं सायकल मारलीच, पन ते माझ्या आधी बर्फ घेऊन आल्ते. मी पोचलो तवा पाटीलच पेटीवर वाकून बर्फ भरून राह्यले होते. मंग लाइट आली, अन् म्या डबे जल्दी जल्दी फ्रिजात टाकले. नावं बघितली न्हाई."

फ्रिजची किल्ली याच्याच कमरेला असायची. करायचंच असतं तर रोज दुपारी सगळे झोपल्यावर त्याला रान मोकळं होतं. शिवाय डॉक्टर नंबर तपासल्याशिवाय बाटलीला हात लावत नाहीत, हे तो रोज बघत होता. भुजंगरावांनी त्याला मनातल्या मनात सोडून दिलं, पण तोंडानं काही सांगितलं नाही. थोडा वेळ भ्यालेला माणूस कामाला बरा असतो.

सर्जेराव लिंबाखाली जीपला टेकून उभे होते. तीर्थपुरीचे मोठे बागायतदार, मोसंबीच्या बागा, पांढरी टोपी, आणि आवाज असा की वॉर्डातल्यांना दार लावलं तरी ऐकू यावा. वसंता त्यांचा एकुलता एक. पहिल्याच दिवशी त्यांनी डॉक्टरांना सगळ्यांसमोर बजावलं होतं, की माझ्या पोराला पाणी टोचलं तर केंद्राला कुलूप लावीन.

"पाटील, तुमच्या पोराच्या नावावर खरं औषध आलंय," भुजंगराव म्हणाले. "अन् पेटीवर वाकलेले तुम्ही सापडलात."

सर्जेरावांचे डोळे मोठे झाले. आधी आनंदानं, मग रागानं.

"फौजदार सायेब, मला खरं औषध पाह्यजे, हे मी चोरून म्हणलं का? पंचक्रोशीत वरडून सांगितलं! अन् मला कळलं असतं का कोणतं खरं, तर मी पट्ट्या बदलत बसलो असतो? दोन्ही डबे जीपमधी टाकले असते न् पोराला दोन्ही दिले असते. जे खरं निघंल ते निघंल!"

भुजंगरावांना हसू आलं. असल्या माणसाला चोरी जमत नाही, दरोडा जमतो. पण खुर्चीमागं उभ्या डॉक्टरांचं काही हसण्यावारी चाललेलं नव्हतं. त्यांना फायदा दिसत होता आणि फायद्याच्या शेवटी सर्जेराव उभे दिसत होते.

तेवढ्यात वॉर्डातून उषाबाईंची हाक आली. "डॉक्टर, लवकर या! नंदा!"

४

नंदा अठरा-एकोणीस वर्षांची. मास्तरीण व्हायचं म्हणून डी.एड.ला नाव लागलं, आणि त्याच महिन्यात पाय गेले, मग हात. तोंडावर आलेली बट बाजूला सारायला तिला आईला सांगावं लागे. पण बोलणं मात्र टवटवीत होतं. आज तेही सुकलं होतं.

"नंदा, एका दमात आकडे म्हण," डॉक्टर म्हणाले. श्वासाचं बळ किती उरलंय हे बघायची ही साधी रीत होती.

"लाभ... दोन... तीन..."

धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. धावड्याच्या दूध डेअरीत तुळजाबाई दुधाचं मापही तसंच मोजायची, आणि लेकीची जीभ त्याच वळणावर गेली होती. डॉक्टरांनी ते कधी दुरुस्त केलं नाही. मागच्या आठवड्यात पोरगी वीसच्या पुढं जायची. आज नऊवर अडकली आणि डोळे मिटून पडून राहिली.

डॉक्टरांनी बाहेर येऊन भिंतीला हात टेकला. "संध्याकाळपर्यंत काही सापडलं नाही तर औरंगाबादला हलवावं लागेल. श्वासाच्या यंत्रावर. या उन्हात, या रस्त्यानं. पोचेल की नाही, सांगता येत नाही."

भुजंगरावांनी खुर्ची मागच्या पडवीकडं वळवायला लावली. तिथं नातेवाइकांच्या चुली होत्या. तुळजाबाई चुलीपुढं बसली होती, पण चूल पेटलेली नव्हती. पंचेचाळिशीची, काटक, कुणाचं ऐकून न घेणारी बाई. नवरा गेल्यावर गावची डेअरी तिनं एकटीनं उभी केली होती. दुधात पाणी घालणारे गवळी तिला पाहून वाट बदलायचे, असं म्हणत.

"सकाळी पेटीपाशी तुम्ही होतात."

"होते."

"पाटील काय करून राह्यले होते?"

पाटलावर ढकलायची आयती संधी होती, पण तिनं ती घेतली नाही. मिठाचा डबा रिकामा झाला होता. तिनं त्याच्यावरची 'मीठ' लिहिलेली पट्टी एका ओढीत काढली आणि दुसऱ्या डब्यावर लावली.

"पाटलानं बर्फ टाकला. दुसरं काय केलं न्हाई. माणूस मोठ्या तोंडाचा हाय, पन खोटा न्हाई." मग एकदम म्हणाली, "सायेब, ते सलाइन वसंताला लावलं का?"

"न्हाई अजून. का?"

"काय न्हाई. इचारलं."

बाईनं स्वतःच्या लेकीच्या सलाइनबद्दल विचारलं नव्हतं. भुजंगराव परत निघाले खरे, पण हा प्रश्न त्यांच्याबरोबर आला.

५

विचार करायचा तर भुजंगरावांना फेऱ्या मारायची सवय. ठाण्यात असताना त्यांनी फरशी झिजवली होती. आता फेरी मारायची म्हणजे दोन दांड्यांच्या मध्ये. उजव्या हातानं दांडी धरली आणि डावा पाय ओढत निघाले.

फायदा वसंताचा, म्हणून सर्जेराव. डॉक्टरांचा हिशेब सरळ होता. पण त्या हिशेबात एक गृहीत धरलेलं होतं. ज्यानं बाटली हलवली, त्याला फेस म्हणजे खरं औषध हे कळलं. हे त्याला सांगितलं कुणी? डॉक्टरला स्वतःला आज सकाळपर्यंत माहीत नव्हतं. सिस्टरला नव्हतं. मोसंबीवाल्या सर्जेरावांना फेसातलं काय कळणार?

तरी माणसानं दोन डब्यांतली एकेक बाटली काढली, हलवली, फेस बघितला आणि ठाम निर्णय घेतला. म्हणजे फेसाचा अर्थ त्याला आधीपासून ठाऊक होता. डॉक्टरी पुस्तकातला नसेल तर दुसरा कुठला तरी.

भुजंगराव मध्येच थांबले. त्यांना सकाळचा कोरा चहा आठवला.

दुधात साबणाची भुकटी घातलेली असली तर ते बाटलीत हलवून बघतात. चांगल्या दुधाचा फेस लगेच बसतो. भेसळीच्या दुधाचा बसत नाही.

"रामकिसन!" ते इतक्या जोरात ओरडले की तोल जाता जाता राहिला. "सगळ्यांना बोलव. पाटलाला पण. अन् ते दोन्ही डबे घेऊन ये."

६

औषधांच्या खोलीत सगळे उभे राहिले. भुजंगराव खुर्चीत बसले आणि त्यांनी बोलायला उशीर लावला नाही.

"आपण सकाळपासून चोर हुडकून राह्यलो, ज्यानं खरं औषध पळवलं. असा चोर इथं न्हाईच. ज्यानं हे केलं, त्यानं खरं औषध पळवलं न्हाई. ते खोटं समजून टाकून दिलं." ते वळले. "तुळजाबाई, तुमच्या डब्यावरच्या पट्ट्यांची टोकं दुमडलेली असतात. परत काढायला सोपं जावं म्हणून. डेअरीच्या कॅनला रोज नाव बदलावं लागतं. बराबर?"

तुळजाबाईनं मान खाली घातली नाही.

"फेस बसंना," ती म्हणाली. "नंदाच्या बाटलीतला फेस बसंचना. दुसऱ्या बाटलीत फेसच न्हाई, निवळशंख. मला वाटलं भेसळ हाय. माणसं दुधात घालतेत, तर औषधात घालायला भेतेत का? डाक्टर सायबाला सांगावं म्हणलं, पन मी डेअरीवाली, माझं कोन आइकतं? फेसाचं माझ्या लेकीला जाऊ नये म्हणून..."



"म्हणून माझ्या वसंताला," सर्जेराव म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज हळू होता. "भेसळीचं समजून माझ्या पोराच्या नावावर टाकलं."

"व्हय पाटील." तिनं त्यांच्याकडं बघितलं. "म्हणलं, तुमाला जीप हाय, वट हाय. तुमच्या पोराला काय झालं तर धा डाक्टर धावतील. माझ्या पोरीला कोन? तवापासून चूल पेटवली न्हाई मी. पाप हाय, मला ठाव हाय."

डॉक्टरांनी घाईनं विचारलं, "फक्त पट्ट्या बदलल्या ना? बाटल्या इकडच्या तिकडे केल्या का? काही टोचलं?"

"न्हाई सायेब. एकेक बाटली हलवली, जिथली तिथं ठेवली, पट्ट्या बदलल्या. लेकीची शपत."

"मावशी," डॉक्टर म्हणाले, "फेस येणारंच खरं औषध होतं. नंदाचं खरं होतं. तुम्ही घेतलंत ते मिठाचं पाणी."

तुळजाबाई मटकन खाली बसली. उषाबाईंनी तिला धरलं.

सगळ्यांच्या आधी सर्जेराव भानावर आले. "म्हंजे माझ्या पोराच्या वाट्याला पाणी आलंय. अन् वर माझ्या पोराला मारायला निघाली ही बाई. फौजदार सायेब, ठाण्यात चला. मला कंप्लेट द्यायची."

हक्क पाटलाचा होता, त्यात काही खोट नव्हती. पण तक्रार झाली की पंचनामा, पंचनामा झाला की सील. पट्टीचं दुमडलेलं टोक हाच पुरावा, आणि तो सहा नंबरच्या डब्यावर. डबा कोर्टात जाईल आणि पोरगी यंत्रावर. बोलायला भुजंगरावांनी तोंड उघडलं, तेवढ्यात पलीकडच्या वॉर्डातून नंदाचा आवाज आला. ती आईला बोलवत होती. हाक अर्ध्यातच विरली आणि मग नुसताच श्वास ऐकू येत राहिला.

सर्जेराव दाराकडं बघत उभे राहिले. वसंतानं परवा स्वतःच्या हातानं भाकरीचा तुकडा मोडून खाल्ला होता, ते सगळ्या केंद्राला त्यांनीच ओरडून सांगितलं होतं.

"माझं पोरगं बिनऔषधाचं उठून राह्यलंय," ते कुणाला तरी सांगावं तसं म्हणाले.

मग ते टेबलापाशी आले. सहा नंबरच्या डब्यावरच्या वसंताच्या नावाचं दुमडलेलं टोक त्यांनी चिमटीत धरलं आणि एका ओढीत पट्टी काढली. सातवरची पण काढली. दोन्हींची गोळी करून सदऱ्याच्या खिशात टाकली.

"टोक दुमडलं ते बरं केलं बाई," ते तुळजाबाईला म्हणाले. "जल्दी निघालं. फौजदार, कसली कंप्लेट? इथं कोनाचं नावच न्हाई. डाक्टर, सलाइन लावा."

फेसाची बाटली बाजूला ठेवून डॉक्टरांनी सहा नंबरच्याच डब्यातली दुसरी घेतली, आणि लिहून टाकलं की दोन रुग्ण आपण होऊन अभ्यासातून कमी केले. थेंब पडायला लागले, तेव्हा तुळजाबाई लेकीच्या उशाशी उभी होती आणि दाराबाहेर सर्जेराव. दोघं एकमेकांशी बोलले नाहीत, पण उन्हं कलल्यावर तुळजाबाईनं चूल पेटवली आणि वसंतासाठी ज्वारीची भाकरी आधी टाकली.

पुढच्या आठवड्यात दूधवाल्याची समजूत घालून भुजंगरावांनी त्याला परत आणलं. दुधाचा चहा घेत ते दांड्यांपाशी बसले होते, तेव्हा वॉर्डातून पोरीचा आवाज ऐकू आला.

"लाभ, दोन, तीन, चार..."

नऊ आलं. भुजंगरावांनी कप खाली ठेवला. नऊ गेलं, दहा गेलं, आकडे चालतच राहिले. खिडकीशी तुळजाबाई तोंडावर पदर धरून उभी होती आणि तिच्यामागं सर्जेराव पाटील, नंदाच्या प्रत्येक आकड्याला मान हलवत, जणू त्यांच्याच अंगणात धान्य मोजलं जात होतं.